सज्ञानपणाचा दस्त

फौजेत भरती व्हायला अठरा वर्षं पुरतात. मत द्यायला पुरतात. डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्यावरून लाकडाचा ट्रक हाकायलाही पुरतात. पण बंद पडलेल्या शाळेचं स्वयंपाकघर भाड्याने घ्यायचं तर एकवीस पूर्ण पाहिजेत, असं नगरपालिकेतल्या ब्रुनिल्डाने सांगितलं आणि प्रोवीबाईंच्या हातातला झारा कढईवर तसाच थांबला.

"म्हणजे माझी नात अज्ञान?"

"कायद्याने, दोन्या प्रोवी." वडीलधाऱ्या बाईला इकडे मानाने दोन्या म्हणतात. ब्रुनिल्डा जेवणाच्या सुट्टीत प्रोवीबाईंच्या टपरीवर आली होती आणि कच्च्या केळ्याचे तळलेले अल्कापुरिया कागदात बांधून घेत होती. "तिकडे अमेरिकेत अठराला माणूस मोठं होतं, आपल्या प्वेर्तो रिकोत एकवीसला. मी नाही म्हणत, कायदा म्हणतो."

"पहाटे चारला उठून पाव भाजते ती अज्ञान. आणि तुझा नवरा, ज्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तो सज्ञान!"

ब्रुनिल्डा हसली. खोटं काय होतं त्यात.

शाळा बंद पडून तीन वर्षं झाली होती. पोरंच उरली नव्हती. अर्धं गाव विमानात बसून फ्लोरिडाला गेलं होतं. मागे राहिलं ते शाळेचं स्वयंपाकघर आणि त्यातली भिंतीएवढी भट्टी. प्रोवीबाईंची नात ग्लोरिमार पोन्से शहरात जाऊन दोन वर्षं बेकरीचं काम शिकून आली होती, आणि घरच्या चुलीत एका वेळी चार पाव भाजत बसली होती. नगरपालिकेने शाळेच्या खोल्या भाड्याने काढल्या, तेव्हा स्वयंपाकघरासाठी पहिला अर्ज तिचा. यादीत दुसरा नंबर एका टायरवाल्याचा. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ग्लोरिमारची सही झाली नाही तर खोली त्याची. तो त्या भट्टीत जुने टायर रचून ठेवणार, हे त्याने स्वतःच चौकात सांगितलं होतं. लाज असती तर निदान गप्प बसला असता.

"मग मी करते सही," प्रोवीबाई म्हणाल्या.

"तुमच्या नावावर ही टपरी आहे. एका माणसाला पालिकेची एकच जागा."

"तिची आई करेल."

"इवेलिस पालिकेतच झाडलोट करते. नोकराला पालिकेशी करार करता येत नाही."

"बाप?"

"बाप ओरलँडोला. गावात राहणारा पाहिजे." ब्रुनिल्डाने बोटं चाटली. "एक वाट आहे. आई आणि बाप दोघांनी नोटरी वकिलासमोर बसून संमतीचा दस्त करायचा, की आमची मुलगी आजपासून सज्ञान, तिचं ती बघेल. मुलीनेही हो म्हणायचं. तो दस्त आणला की मी लगेच सही घेते."

"आई आणि बाप. आणि आजी?"

"आजीचं त्यात काही नाही, दोन्या प्रोवी."

ते वाक्य प्रोवीबाईंना लागलं. त्यांनी पुढचा अल्कापुरिया इतक्या जोरात तेलात सोडला की तेल उडालं. चार वर्षांची होती ग्लोरिमार, तेव्हा तिच्या आईबापांचं फाटलं. आईने दुसरा संसार मांडला, बापाने विमान पकडलं, आणि पोर प्रोवीबाईंच्या पदरात पडली. तिला गोवर आला तेव्हा कडुलिंबासारख्या कडू काढ्याचा पेला कोणी धरला? शाळेत भांडण झालं तेव्हा मुख्याध्यापकाच्या टेबलावर हात आपटायला कोण गेलं? आता तिला मोकळं करायचं म्हणे, आणि मोकळं करायला दोघं येणार ती कोण, तर ज्यांनी कधी बांधलंच नव्हतं!

संध्याकाळी ग्लोरिमार टपरीवर आली. "आशीर्वाद, आजी."

"देव तुझं भलं करो," प्रोवीबाई म्हणाल्या. कितीही राग असो, आशीर्वाद मागितल्यावर तो द्यावाच लागतो. न देणं म्हणजे पोराला घराबाहेर काढणं. पण त्यांनी तो दातांच्या फटीतून दिला. "ऐकलं मी. तुला आमच्यापासून सुटका पाहिजे."

"आजी, मला भट्टी पाहिजे."

"कागदावर काय लिहिणार? की हिला आता कोणाची गरज नाही. हेच ना?"

"कागदावर काहीही लिहू दे. त्यांनी लिहिलं की मी माकड आहे, तर मी माकड म्हणून सही करीन. शुक्रवारी बाराला ती खोली जाईल, आजी. मला बाकी काही कळत नाही."

"माकडं निदान आजीला विचारतात."

"विचारते. करू का?"

प्रोवीबाईंनी कढई पुसायला घेतली. पोरगी अगदी त्यांच्यावर गेली होती. याच गोष्टीचा त्यांना सगळ्यात जास्त वैताग यायचा.

इवेलिसने फोनवर एका दमात हो म्हटलं. तिला जुळी होती, एक कडेवर रडत होतं आणि दुसरं बहुतेक बादलीत. "सही कुठे करायची तेवढं सांगा, मी येते." बापाचं, म्हणजे प्रोवीबाईंच्या मुलाचं, विल्बेर्तोचंही असंच. "माझ्या लेकीसाठी काहीही," तो म्हणाला आणि खरंच गुरुवारी रात्रीच्या विमानाने निघून शुक्रवारी सकाळी दारात उभा राहिला. डोक्यावर टोपी, पायात पांढरे बूट, पोट पूर्वीपेक्षा एक वीत पुढे.

"आशीर्वाद, आई."

"देव भलं करो. आत ये. बूट बाहेर. तिकडे जेवायला घालत नाहीत म्हणतोस आणि हे काय वाढवलंयस?"

सकाळी दहाला सगळे वकील बेनितेस यांच्या कचेरीत पोचले. औषधाच्या दुकानावर जिना चढून गेलं की एक खोली, एक पंखा, आणि भिंतीवर देवाच्या तसबिरीपेक्षा मोठं वकिलीचं प्रमाणपत्र. बेनितेस तिशीतला, घामेजलेला, पण बारीकसारीक बघणारा माणूस. मागच्या वर्षी एका भामट्याने त्याच्यासमोर दुसऱ्याचं शेत आपलं म्हणून विकलं होतं. तेव्हापासून तो स्वतःच्या बायकोचंही ओळखपत्र बघत असेल.

"दोन्या प्रोवी, तुम्ही बाहेर बसा," तो म्हणाला. "तुम्ही या दस्तात पक्षकार नाही."

"मी कशातच नाही, हे मला आठवडाभर सगळे सांगतायत," प्रोवीबाई म्हणाल्या आणि बाहेरची खुर्ची ओढून बरोबर उंबरठ्यावर ठेवली. दार लावायचं तर त्यांना उचलावं लागलं असतं. वकिलाने तो नाद सोडला.

त्याने दस्त मोठ्याने वाचला. पाच पानं. जेवढं आयुष्य होतं तेवढं सगळं त्यात होतं. पोर कधी जन्मली, कुठे राहते. 'आजीच्या घरी' एवढंच प्रोवीबाईंच्या वाट्याला आलं, दोन शब्द, तेही नाव न घेता. इवेलिसने ओळखपत्र दिलं. ठीक. ग्लोरिमारने दिलं. ठीक. विल्बेर्तोने फ्लोरिडाचं गाडी चालवण्याचं कार्ड टेबलावर ठेवलं. वकिलाने ते उचललं, जन्मदाखल्याशेजारी धरलं, चष्मा वर केला, खाली केला.

"इथे लिहिलंय विल्बेर्तो फेलिसियानो."

"मीच तो."

"मुलीच्या दाखल्यावर बापाचं नाव विल्बेर्तो फेलिसियानो अरोयो आहे."

"मीच तो."

"मग अरोयो कुठे गेलं?"

उंबरठ्यावरची खुर्ची करकरली.

आमच्याकडे माणसाला दोन आडनावं. पहिलं बापाचं, दुसरं आईचं. आणि या डोंगरात तर दुसऱ्याशिवाय भागतच नाही, कारण इथे कुठेही दगड भिरकावला तर तो एखाद्या फेलिसियानोलाच लागतो. विल्बेर्तोही दोन आहेत. आजोबांचं नाव म्हणून बाप आणि काका, दोन्ही भावांनी आपापल्या पहिल्या पोराला ठेवलं, कारण आधी कोणी ठेवायचं यावर एकमत झालं नव्हतं. दुसरा विल्बेर्तो फेलिसियानो, चुलत भाऊ, दारू पिऊन पोलिसांच्या जीपमध्ये झोपलेला सापडला होता, आणि ती जीप पोलिसांची नव्हतीच असं तो अजूनही सांगत फिरतो. दोघांत फरक एकच, आईचं आडनाव.

"विल्बेर्तो," प्रोवीबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज गावात सगळ्यांना माहीत होता. "माझं नाव कुठे गेलं?"

"आई, तिकडे त्यांना दोन आडनावं कळत नाहीत. शेवटचं तेच आडनाव धरतात. कामावर मला सगळे मिस्टर अरोयो म्हणायला लागले. पगाराच्या चेकवर अरोयो, दवाखान्यात अरोयो. मी दरवेळी सांगायचो, मी फेलिसियानो. मग कंटाळून काढून टाकलं."

"कंटाळून काढून टाकलं."

"नुसत्या कार्डावरून, आई."

"तुला अरोयो म्हणत होते तर तुझं काय बिघडत होतं? फेलिसियानोंनी तुला काय दिलं? तुझ्या बापाने एक नाक दिलं, तेही वाकडं! नऊ महिने मी, दोन दिवस कळा मी, आणि काढून टाकायचं तेव्हा काढलं कोणाला? मला! कात्रीने कापलंस की खोडरबराने?"

"आई, तिकडे अर्ज होता, एक रकाना होता..."

"रकान्यात बाप बसला आणि आई मावली नाही!"

इवेलिसने छताकडे बघितलं. ती या घरातून का पळाली, त्याची तिला जणू उजळणी होत होती.

वकील खाकरला. "दोन्या प्रोवी, भांडण तुमचं घरचं आहे. माझी अडचण वेगळी आहे. कार्डावर फोटो आहे पण पूर्ण नाव नाही. दाखल्यावर पूर्ण नाव आहे पण फोटो नाही. आणि या नावाचा दुसरा माणूस मला माहीत आहे. मी सही घेतली आणि उद्या कोणी म्हणालं की बाप हा नव्हेच, तर मुलीचा दस्तही गेला आणि माझी वकिलीही."

"मी बापच आहे!" विल्बेर्तो म्हणाला.

"मी ओळखते ना याला," इवेलिस म्हणाली. "दुर्दैवाने चांगलीच."

"बाई, तुम्हालाच मी आज पहिल्यांदा बघतोय. मला असा माणूस पाहिजे ज्याला मी स्वतः ओळखतो आणि जो शपथेवर सांगेल की हा तोच. कायद्यात तशी सोय आहे. ओळखीचा साक्षीदार." वकिलाने घड्याळाकडे बघितलं. दहा चाळीस झाले होते. मग त्याने उंबरठ्याकडे बघितलं. "शाळेत होतो तेव्हापासून मी तुमच्या हातचं खातोय, दोन्या प्रोवी. तुम्ही सांगा. हा माणूस कोण?"

आता सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. आठवडाभर ज्यांना कोणी विचारलं नव्हतं, त्यांना आता नोटरीचा शिक्का विचारत होता. प्रोवीबाईंनी पोराकडे बघितलं. पांढरे बूट, टोपी, कार्ड. आणि जीभ डोक्याच्या आधी धावली.

"मी नाही ओळखत याला."

"आई!"

"माझ्या मुलाचं आडनाव अरोयो आहे. याचं नाही. हा कोण फ्लोरिडाचा पाहुणा, मला काय माहीत?"

वकिलाने पेन खाली ठेवलं. "दोन्या प्रोवी, हे मी असंच लिहून घेऊ का? एकदा लिहिलं की दस्त आज होणार नाही. विचार करून सांगा."

विल्बेर्तोचं तोंड उघडं ते उघडंच. इवेलिसने दोन्ही हात हवेत उडवले. बोलली ती ग्लोरिमार. रडली नाही, हात जोडले नाहीत. तिला वैताग आला होता, नुसता वैताग, पाव करपत असताना येतो तसा.

"आजी, तुझं भांडण याच्याशी आहे ना? मग याच्याशी भांड. संध्याकाळी भांड, रविवारभर भांड, हवं तर मी पंखा लावून देते. पण तू मारतेस त्याला आणि लागतंय मला. तो सोमवारी विमानात बसेल. मला इथे राहायचंय. तुझ्या घरापासून चालत सहा मिनिटांवर भट्टी आहे ती. ती गेली तर मीही जाईन ओरलँडोला, त्याच्या शेजारची खोली घेऊन, आणि तिथल्या रकान्यात मलाही एकच आडनाव मावेल."

पंखा फिरत होता. प्रोवीबाईंना आठवडाभर वाटत होतं की हा कागद पोरीला घराबाहेर नेणारा आहे. सहा मिनिटं. त्यांच्या गुडघ्यांना दहा. गावातली किती पोरं त्यांनी विमानात बसताना बघितली होती, स्वतःचं धरून, आणि एकानेही राहण्यासाठी कागद मागितला नव्हता. ही पहिलीच. आणि त्या तिच्या वाटेत खुर्ची टाकून बसल्या होत्या.

त्या उठल्या. खुर्ची उचलून आत आणली, टेबलाशी लावली आणि बसल्या.

"लिहा," त्या वकिलाला म्हणाल्या. "ओळखते."

"कशावरून ओळखता?"

"हा काय प्रश्न झाला? मी जन्माला घातलं त्याला."

"मला कारण लिहावं लागतं."

"मग लिहा. डाव्या नडगीवर वण आहे, अकरा वर्षांचा असताना पाद्रीच्या अंगणातले पेरू चोरताना कुंपणावरून पडला. कानामागे तीळ. झोपेत दात खातो. खोटं बोलताना उजवा कान लाल होतो, आत्ता लाल आहे की नाही बघा, म्हणे माझ्या लेकीसाठी काहीही, आणि पंधरा वर्षांत तीनदा आला. पण तोच आहे. तोच, माझा. दुसरा विल्बेर्तो दिसायला बरा आहे."

वकिलाने लिहिलं, 'जन्मदात्री असल्यामुळे'. बाकीचं गाळलं. मग त्याने वाचून दाखवलं, की सदर विल्बेर्तो फेलिसियानो अरोयो हाच फ्लोरिडात विल्बेर्तो फेलिसियानो या नावाने ओळखला जातो.

"थांबा. 'चुकीने ओळखला जातो' लिहा."

"तसं लिहिता येत नाही, दोन्या."

"मग मोठ्या अक्षरात अरोयो लिहा."

"सगळीच नावं मोठ्या अक्षरात असतात."

"मग ठीक आहे."

सह्या सुरू झाल्या. शेवटच्या पानावर पूर्ण नाव आणि प्रत्येक पानाच्या कडेला आद्याक्षरं. विल्बेर्तोने खरडलं, इवेलिसने खरडलं, ग्लोरिमारने नीट काढलं. मग पेन प्रोवीबाईंच्या हातात आलं. तिसरीपर्यंतची शाळा होती त्यांची. अक्षरं एकेक करून यायची, घाटात म्हातारी बस यावी तशी. पहिलं पान. दुसरं पान. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. विल्बेर्तो पाय बदलायला लागला.

"आई, जरा लवकर..."

"तू गप्प बस. मी माझं नाव लिहितेय. तुला सवय नाही, म्हणून सांगते, वेळ लागतो."

शेवटच्या पानावर त्यांनी पूर्ण नाव काढलं, दोन्ही आडनावांसकट, आणि टोकाला कागदावर डाग पडू नये म्हणून पेन हळूच उचललं. वकिलाने शिक्का मारला, प्रत काढली, सही केली.

साडेअकराला सगळे जिना उतरून चौक ओलांडून नगरपालिकेत. लिफ्ट बंद. ब्रुनिल्डा दुसऱ्या मजल्यावर. प्रोवीबाईंनी कठड्याला धरून एकेक पायरी चढताना महापौर, त्याचा बाप आणि लिफ्टवाला अशा तिघांचा क्रमाने उद्धार केला. वर पोचल्या तेव्हा बाराला अकरा मिनिटं होती आणि बाकावर टायरवाला बसला होता, मांडीवर टोपी घेऊन, गिधाडासारखा.

"अजून वाजायचेत बारा," प्रोवीबाई त्याला म्हणाल्या. "कॉफी पिऊन ये. सावकाश."

ब्रुनिल्डाने दस्त वाचला. पानं उलटली. साक्षीदाराच्या नावावर आली तेव्हा वर बघितलं आणि पुढचं पान उलटलं, शहाणी बाई. करार काढून तिने पेन पुढे केलं. प्रोवीबाईंचा हात सवयीने आधी गेला. पंधरा वर्षं शाळेच्या प्रत्येक कागदावर, दवाखान्याच्या प्रत्येक चिठ्ठीवर तोच हात जायचा.

"नाही, दोन्या प्रोवी," ब्रुनिल्डा म्हणाली. "फक्त भाडेकरू. बाकीच्यांनी पिवळ्या रेषेच्या मागे."

प्रोवीबाईंनी खाली बघितलं. फरशीवर खरंच एक पिवळी रेषा होती. त्या एक पाऊल मागे सरकल्या. टायरवाल्याच्या शेजारी. त्यांना जन्मात असं कोणी सरकवलं नव्हतं.

ग्लोरिमारने सही केली. ब्रुनिल्डाने शाळेच्या स्वयंपाकघराच्या दोन किल्ल्या तारेत ओवलेल्या तिच्या हातावर ठेवल्या. टायरवाला उठला, टोपी घातली, "अभिनंदन" म्हणाला, आणि खरं तर तो माणूस एवढा वाईट नव्हता.

बाहेर चौकात इवेलिसने लेकीला घट्ट मिठी मारली आणि जुळ्यांकडे पळाली. विल्बेर्तोने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, मग आईकडे चोरून बघितलं आणि कॉफी आणायला म्हणून सटकला. प्रोवीबाईंनी रुमालाने मान पुसली.

"चल," त्या म्हणाल्या. "बघू तुझी भट्टी. धूर कुठून जातो ते आधी बघायला पाहिजे. आणि टेबल भिंतीला लावू नकोस, पीठ मळताना कोपर लागतं. मी सांगते कुठे लावायचं ते."

"आज नाही, आजी."

"काय?"

"तीन वर्षांची घाण आहे आत. उंदीर असतील. आधी मी एकटी साफ करते, लावायचं ते लावते. तू सोमवारी ये."

प्रोवीबाईंनी नातीकडे बघितलं. अर्ध्या तासापूर्वी सज्ञान झालेली पोर, आणि पहिली गोष्ट काय केली, तर आजीला तारीख दिली! त्यांच्या ओठांवर तीन वाक्यं एकदम आली, तिन्ही झोंबणारी. कुठलं आधी सोडावं ते ठरेना.

"किती वाजता?" त्या म्हणाल्या.

"सातला."

"सातला! सातला लोक पाव घेऊन घरी जातात, मूर्खे. पाचला येते."

"साडेपाचला. तोवर मी दार उघडणार नाही."

"मग मी दारात बसेन."

"बस," ग्लोरिमार म्हणाली. "खुर्ची घेऊन ये."